वहिनीची फारकत

वहिनीबद्दल लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. तिच्या गमती सांगायला लागायचो आणि पुढचं आठवलं की विषय बदलायचो. आज सगळंच सांगतो.

ती दिसण्याआधी तिचं हसणं ऐकू यायचं. आर्णीजवळच्या आमच्या गावात कापूस वेचायला बाया निघाल्या, की वहिनी कोणत्या वावरात आहे हे कडेच्या धुऱ्यावरूनच कळायचं. बोंडअळीनं शिवार पोखरलं त्या वर्षी सगळे गप्प बसले होते. ही म्हणाली, "बरं झालं भाऊजी, यंदा वेचाईची मजुरी वाचली!"

आडून बोललेलं तिला खपायचं नाही. माझा थोरला भाऊ जीप चालवायचा. त्यानं पांढरकवड्याला दुसरा संसार थाटल्याचं कळलं, तेव्हा ती एकटी एसटीनं तिथे गेली, त्या बाईच्या हातचा चहा पिऊन आली आणि मला म्हणाली, "बाई चांगली हाय. तुमच्याच घरचं बियानं बोगस निंघालं. मले आता कोर्टातून सुटका पायजे."

मी चार बुकं शिकलेला, म्हणून वकिलाकडे मलाच पाठवलं. वकिलांनी नीट समजावलं. दोघं राजी असतील तर दोघांच्या सह्यांनी कोर्टात अर्ज करायचा, लग्नाचा पुरावा जोडायचा, सहा महिन्यांनी पुन्हा जजसमोर जबाब द्यायचा, मग हुकूम. "आणि स्टॅम्पवर फारकत लिहून मोकळे होऊ नका," ते म्हणाले. "त्यानं लग्न मोडत नाही."

भाऊ कोर्टाला भ्याला. "जजानं विचारलं तं दुसरं घर उघडं पडन ना बे!" आमच्याकडे पंच बसवून फारकत लिहायची रीतच होती. मी वहिनीला म्हणालो, "कोर्ट कायले? फारकत लिहून घेऊ, तेच चालते."

"तुमी म्हनता तं चालतच असन," म्हणत तिनं सही केली. वर हसली, "लग्नाले दोन दिवस लागले होते. हे तं चहा थंडा व्हायच्या आत झालं!"

पुढे महागावच्या एका विधुर कंपाउंडरशी तिनं लग्न केलं. तो तिच्या विनोदांना मान खाली घालून हसायचा. सुखात होती. तो गेला आणि त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलांनी तिच्या आधीच्या लग्नाच्या घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम मागितला. तो नव्हताच. "तुमी आमच्या बापाची बायकोच नाही," म्हणून त्यांनी तिला घराबाहेर काढलं.

माहेरी भावाकडे राहायला आली, तेव्हा मी भेटायला गेलो. पाटोडीचा रस्सा वाढता वाढता ती म्हणाली, "त्या कागदाले कोर्ट मानतच नाही म्हनते. तुमाले तरी कसं मालूम राहीन, भाऊजी?"

मी म्हणालो, "वहिनी..."

"काय जी?"

"मीठ कमी आहे."

"म्हतारी झाली न मी आता!" हसत ती मीठ आणायला उठली.

त्यानंतर त्या घरी गेलो तो तिच्या तेरवीला. मला मालूम होतं, वहिनी. तिच्या फोटोसमोर हात जोडून उभा होतो, तेव्हाही हे तोंडातून निघालं नाही.