जयसिंगपुरात पडलेला चंदगडचा पाऊस

ऐंशीच्या दशकात कोल्हापुरातल्या एका कचेरीत खोलीभर पसरलेला मेनफ्रेम कॉम्प्युटर होता आणि मी तिथला उमेदवार प्रोग्रामर. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मोठ्या साहेबांच्या हातात. त्यामुळे मी बसायचो कमी, येरझाऱ्याच जास्त घालायचो.

मशीनवर एका वेळी अनेक कामं चालत, पण मेमरी इवलीशी. सगळ्यांना लागणारा प्रोग्राम प्रत्येक कामाने वेगळा आणला, तर ती भरून जाई. म्हणून मशीन सुरू होतानाच त्याची एकच प्रत मेमरीत आणून ठेवायची. ज्याला लागेल त्याने तीच वापरायची. आमचे वयस्क ऑपरेटर, सगळ्यांचे चाचा, अशा प्रोग्रामांना ‘वस्तीचे’ म्हणत, गावात मुक्कामाला थांबणाऱ्या एस.टी.सारखे. माझा गावोगावच्या पावसाचे तक्ते छापणारा प्रोग्राम वस्तीला गेला, त्या दिवशी मी कचेरीभर भडंग वाटलं!

दुसऱ्याच दिवशी चाचांनी पावसाचा तक्ता माझ्या नाकासमोर धरला.

"पावणं, जयसिंगपूर बुडालं की!"

वर नाव जयसिंगपूरचं, खाली धो धो पाऊस चंदगडचा. गावाचं नाव मी प्रोग्रामच्याच पोटात लिहून ठेवत होतो. दोन कामांनी तो एकदम वापरला आणि चंदगडचा तक्ता छापायच्या आत त्याच्या नावावर जयसिंगपूर येऊन बसलं.

"वस्तीच्या गाडीत सीटवर नाव कोरायचं नसतंय, मर्दा. मागनं येणारा त्याच्यावरच आपलं कोरतोय. ज्याचं नाव त्याच्या पिशवीत ऱ्हाऊ दे."

गावाचं नाव ज्याच्या त्याच्या कामापाशीच ठेवायचं, दुरुस्ती दहा ओळींची. पण वस्तीची प्रत बदलायला सगळ्यांची कामं थांबवून मशीन बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. आणि त्यासाठीच्या अर्जावर सही मोठ्या साहेबांची. कारण काय लिहू? मी हळूच ‘वीज गेली’ लिहिलं.

चाचांनी वर पंख्याकडे पाहिलं. "फिरतोय की त्यो."

ते खोडलं. साहेबांच्या दारापर्यंत तीनदा जाऊन परत आलो. चौथ्यांदा चाचांनी दार उघडून मला आत ढकललं.

"साहेब, चूक माझी आहे. मशीन बंद करावं लागेल."

साहेबांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "आमचा पाऊस पळवला म्हणून चंदगडकरांनी तक्रार केली तर?" एवढंच म्हणून सही केली.

मशीन पुन्हा सुरू झालं. साहेब स्वतः येऊन उभे राहिले. दोन्ही गावांची कामं एकदम सुरू केली. चंदगडचा पाऊस चंदगडात पडला.

"ह्याला ऱ्हाऊ दे," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

प्रोग्रामला की मला, हे विचारायचं धाडस झालं नाही. पुढची बारा वर्षं मी तिथंच होतो. मला कायम कधी केलं, हे कुणी विचारू नये म्हणून मीही विचारलं नाही.