हेलिपॅडखालचा कांदा

म्हस्कूआप्पा आमदार झाले तरी कुणाच्याही रानात शिरताना चप्पल बांधावर काढून ठेवायचे. ढेकळं तापलेली असोत की काटे पसरलेले असोत, आप्पा अनवाणीच आत जायचे, जरा फिरायचे आणि मगच तोंड उघडायचे. बुटांसकट मागं येणारे कार्यकर्ते हटकून बोलणी खायचे. "बूट घालून रान बघाया आला व्हय? मग गाडीतनंच बघायचं की." आप्पांचा बाप मेंढरं राखत मुलूखभर हिंडलेला. पुढं भीमेकाठी जमीन घेतली, ऊस आला, गाडी आली, आमदारकी आली. पाय मात्र आप्पांनी बदलले नाहीत.

माझं शिरूरला कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान आहे. विधानसभेत विचारायचे प्रश्न आप्पा माझ्याकडून टाइप करून घ्यायचे. या प्रश्नांची भाषा ठरलेली असते. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली? उत्तरंही ठरलेली असतात. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. ही भाषा आप्पांच्या तोंडात इतकी बसली होती की चहा फिका लागला तर शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारायचे, "साखर टाकली, हे खरे आहे काय?" तोही कप पुसता पुसता म्हणायचा, "प्रश्न उद्भवत न्हाई, आप्पा."

विरोधी बाकावरच्या आमदाराला निधी मिळत नाही की फीत कापायला कुणी बोलावत नाही. त्याच्या हातात उरतो तो प्रश्न. आमच्याकडं मंत्र्यांचा दौरा आला की दौंड-शिरूरचे झाडून सगळे पोलीस रस्त्याच्या कडेला उभे करतात, आणि चोर नेमके तेव्हाच विहिरींवरच्या मोटारींच्या केबली कापून नेतात. आप्पांनी सभागृहात विचारलं की एका माणसाच्या बंदोबस्ताला खर्च किती येतो आणि त्या दिवशी बाकीच्या तालुक्याला कोण राखतं. "राखणारा एकाच मेंढराभवती फिराया लागला, तर बाकीचा कळप कुणी बघायचा?" समोरची बाकं हसली. उत्तर आलं की ही माहिती देणं सुरक्षेच्या दृष्टीनं योग्य नाही. ज्यांच्या केबली गेल्या, त्यांना तेवढंही उत्तर कुणी दिलं नाही.

मग संतोष गेला. कासुर्डीहून आत गेलं की लागणाऱ्या एका गावचा हा पोरगा फौजेत होता, सीमेवर कामी आला. अंत्यविधीला मंत्री यायचे होते, आणि यायचे म्हणजे हेलिकॉप्टरनं. पुण्याहून रस्ता चांगला सरळ आहे, पण मोठ्या माणसांना रस्ता चालत नाही. हेलिपॅड कुठं करायचं, यावर गावात बैठक झाली आणि सोयीचं म्हणून संतोषचंच रान निवडलं. त्यात काढणीला आलेला कांदा उभा होता. त्याची बायको सुनंदा घरात पडलेली, तिला शुद्ध नव्हती, विचारायचं कुणाला? रातोरात कांद्यावर मुरूम पडला, रोलर फिरला, चुन्यानं गोल आखला. मंत्री उतरले, पुष्पचक्र वाहिलं, "शासन या कुटुंबाच्या पाठीशी आहे," म्हणाले आणि उडून गेले. मुरूम जिथल्या तिथं राहिला.

सुतक फिटल्यावर आप्पा भेटायला गेले. घरात चहा घेतला नाही, आधी रानात गेले. चप्पल बांधावर काढली, मुरमावर उभे राहिले आणि वाकून कडेची एक चेंबलेली पात ओढली. खालून कांदा आला, सडलेला. तिथून आप्पा थेट माझ्या दुकानात आले. पाय तसेच मुरमानं माखलेले. "लिही," म्हणाले. "शहीद जवानाच्या उभ्या पिकावर मुरूम टाकून हेलिपॅड करण्यात आले, हे खरे आहे काय? असल्यास, त्या एका दिवसावर किती खर्च झाला? रान पूर्ववत कवा करून देणार?" मी 'कवा'चं 'केव्हा' केलं आणि बाकी एक अक्षर बदललं नाही.

सभागृहात जो गोंधळ झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. आप्पा 'जवान' म्हणाले न म्हणाले तोच समोरून ओरडा, शहिदाचा अपमान, सैन्याचा अपमान. स्वतः मंत्री उठून म्हणाले, "शहिदाच्या नावावर राजकारण नको." शहिदाचा कांदा ज्यानं तुडवला, तो देशभक्त. आणि तुडवला का म्हणून ज्यानं विचारलं, तो देशद्रोही. हे असं उघड्यावर चालतं आणि आपण जेवता जेवता बघतो, याचा मला आजही संताप येतो.

चौकशीला अधिकारी गावात आले. सुनंदाला सरकारी नोकरी देतो म्हणून सांगितलं होतं, ते काम अजून व्हायचं होतं. त्यांनी तिला दम दिला नाही, नुसतं विचारलं, "ताई, नोकरीचं मार्गी लावायचंय ना?" आणि मग विचारलं, "रानात काय होतं?" ती म्हणाली, "पडीक होतं." झालं. सभागृहात उत्तर आलं: सदर जमीन पडीक होती. मुरूम टाकला हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

दौंडच्या चौकात आप्पांचा पुतळा जाळला. मी त्यांच्या गाडीत होतो. आप्पांनी काच खाली घेतली, पेटत्या पुतळ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "पागोटं झकास बांधलंय. मला बी असं जमत न्हाई." मला हसू आलं नाही. मी सुनंदाच्या नावानं बोटं मोडायला लागलो, तर आप्पा माझ्यावरच उखडले. "तिला कशाला बोलतो? तिला खोटं बोलाया लावलं, त्याला बोल. भ्यालेलं माणूस खोटं बोलत न्हाई, त्याच्या तोंडातनं दुसराच बोलतोय." पुढच्या निवडणुकीत आप्पा पडले. ज्या गावांत केबली चोरीला गेल्या होत्या, त्या गावांनीही त्यांना पाडलं.

आमदारकी गेली आणि आप्पा स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन सुनंदाच्या रानात उतरले. चप्पल बांधावर. सुनंदा खाली मान घालून म्हणाली, "आप्पा, माझ्यामुळं तुमी..." आप्पांनी तिला पुरं बोलू दिलं नाही. "फावडं हाय का घरात? आन मग." दोघांनी मुरूम भरायला घेतला. निम्मं रान मोकळं झालं असेल नसेल, तोच सरकारी जीप आली. विनापरवाना मुरूम उचलला म्हणून ट्रॅक्टर जप्त. मुरूम सरकारी मालकीचा, म्हणाले.

मी शिव्या देत तिथं पोचलो, तर आप्पा बांधावर बसून पोट धरून हसत होते. "अरं, विधानसभेत ह्यो मुरूम नव्हता. आता सरकारचा हाय म्हनत्यात. म्हंजी हाय तर खरा." ते लेखी लिहून द्या, असं त्यांनी त्या साहेबाला परोपरीनं विनवलं. साहेब जीपमध्ये जाऊन बसला. ट्रॅक्टर सोडवायला आप्पांनी किती हेलपाटे घातले हे मला माहीत आहे, कारण प्रत्येक अर्ज मीच टाइप केला. उरलेलं निम्मं रान मुरमाखालीच राहिलं. तिथं अजूनही धड गवत उगवत नाही.

आप्पा उन्हाळ्यात गेले, दुपारी जेवून जरा पडले ते उठलेच नाहीत. दशक्रिया भीमेच्या घाटावर होती. आमच्याकडं दशक्रिया म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. प्रवचन झालं की पुढारी माईक धरतात आणि हयातभर ज्याला छळलं त्याचे गोडवे गातात. तेच मंत्री आले होते. नदीपलीकडून हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा मी ओठ चावून बसलो. "आमचे मतभेद होते, पण मनभेद नव्हते," असं त्यांनी सुरू केलं. "आप्पांचा प्रत्येक प्रश्न आम्ही गांभीर्यानं घेतला."

बायकांमधून सुनंदा उठली. तोवर तिला नोकरी लागलेली होती, म्हणजे गमवायलाही काहीतरी होतं. तिच्याकडं माईक नव्हता, पण घाट इतका गप्प होता की गरज पडली नाही.

"साहेब, माझ्या रानात कांदा व्हता. म्या पडीक म्हनले, त्ये खोटं व्हतं. कांदा व्हता आन् त्यावर तुमी मुरूम टाकला. हे खरं हाय का न्हाई?"

मंत्र्यांनी माईक तोंडाजवळ घेतला. "ताई, आज दुःखाचा दिवस आहे," ते म्हणाले. "इथं राजकारण नको."

"राजकारण न्हाई, साहेब. आप्पांचा प्रश्न हाय. त्ये गेले, म्हनून मी इचारतीय."

मंत्र्यांनी आप्पांच्या फोटोला हात जोडले आणि निघाले. कुणी त्यांना अडवलं नाही, पण निरोप द्यायलाही कुणी उठलं नाही. पिंडाला कावळा शिवला की नाही, हे मी मुद्दाम सांगणार नाही. लोक मग तेवढंच सांगत बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुनंदा दुकानात आली. हेलिकॉप्टर कुणाच्या रानात उतरलं होतं, तिनं विचारून काढलं होतं. आम्ही गेलो. नदीपलीकडं ओल्या मुरमाचा गोल, मधे चुना, आणि कडेनं गवारीची चिरडलेली झाडं, शेंगा अजून हिरव्या. शेतकरी धावत आला आणि आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाला, "पडीकच व्हतं हो. काय न्हवतं हितं."

मी गवारीकडं बोट दाखवून बोलणार होतो. सुनंदानं मला हातानंच थांबवलं. तिला ते उत्तर ओळखीचं होतं. तिनं चप्पल काढून बांधावर ठेवली, मुरमात उतरली आणि त्याला म्हणाली, "दादा, बसा हितं. मी बी असंच म्हनले व्हते."