शेवळांचा महिना

फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात शेवळं या रानभाजीच्या जुड्यांपुढे उकिडवा बसलो होतो. निडीहून आत्याची सून, शोभावहिनी बोलत होती. "भावोजी, आई गेल्या हो..." मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्यावर 'बरं' म्हणणारा आमच्या घराण्यात मीच एक. हातातली जुडी मात्र सोडवेना.

आत्याच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते गॅसवाल्याचा नंबर लिहायला. महिने तिला जमिनीतून कळायचे. पहिल्या पावसाला शेवळं निघाली म्हंजे जेठ, टाकळा माजला म्हंजे आखाड, तेरडा फुलला की गौरी दारात. शेवळं तशीच शिजवली तर घसा खाजतो; त्यावर उतारा काकडांचा, काकडाच्या झाडाच्या हिरव्या आंबट फळांचा. दोन्ही एकाच वेळी येणार. "नवरानवरी हायत ती," आत्या म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी बायकोला ऐटीत सांगितलं होतं, काकडं कशाला, लिंबू पिळ. सगळं घर दोन दिवस घसा खरवडत होतं. "सुध्या, कंपनीत तुला मशिनीला हात लावू देतात ना रं?" आत्यानं विचारलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिची कुरकूर सुरू झाली. टाकळा आधीच आला, काकडाला अजून फळ नाय, मागच्या उतारावर रानमोडीचं तण चढलं, शेवळांच्या जागा त्यानं गिळल्या... "ह्यांना झालंय तरी काय?" ती झाडांबद्दल बोलत होती. आम्हाला वाटलं, हिलाच काहीतरी झालंय. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा मी, तिची स्मरणशक्ती तपासायला रोह्याला घेऊन गेलो. डॉक्टर पोरगेलासा, अदबीचा. आत्यानं वार बरोबर सांगितला, गाव सांगितलं, माझं नाव तर शिवीसकट सांगितलं.

"आजी, महिना कुठला?"

"जेठ."

"नक्की?"

"व्हय. सकाळीच शेवळं काढली की."

वैशाख चालू होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. आठवडाभर अवकाळी कोसळत होता, हे मला सांगता आलं असतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर आत्यानं झाडांची कुरकूर सोडली. काही विचारलं तर म्हणायची, "तुमच्या कलिंडराला इचारा." पुढं पुढं परसात वाकून सुनेला हाक मारायची, "गो, हे शेवळंच हाय ना?" साठ वर्षं जे बोटांनी खुडलं, ते तिला दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावं लागत होतं.

त्या दिवशी बाजारात फोन वाजण्याच्या मिनिटभर आधी भाजीवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, "काकडं नाय अजून, दादा. चिंच घाला. दोन-तीन वर्सं झाली, ही शेवळं वैशाखातच वर येतात. महिना चुकतोय त्यांचा." आत्याचा नव्हता चुकला. मी उठून थेट निडीची गाडी धरणार होतो. तिच्यापुढे कान धरायचे, हे ठरलं होतं... तेवढ्यात फोन आला.

दहाव्याला वहिनीनं एक बरणी आणून दिली. मिठात मुरवलेली काकडं. "दोन वर्सं भरत होत्या आई. पुढल्या साली शेवळं आधी आली तर घरात असावीत, म्हणायच्या. कुणाला सांगू नको म्हणाल्या. परत दवाखान्यात नेतील."

आता जेठ लागलाय, कॅलेंडरातला. आत्याच्या परसातलं काकड फळांनी वाकलंय आणि शेवळं केव्हाच कुजून गेलीत. उतारावर छातीएवढी रानमोडी. पुढच्या वर्षी तिच्याखालून काही वर येईल असं मला वाटत नाही. बरणी आमच्या ओट्यावर आहे. बायको विचारते, "उघडायची कधी?" शेवळं आली की, असं मी म्हणतो. कुठल्या महिन्यात, ते मला सांगता येत नाही.