चार कोपऱ्यांतले चार कांदे

अनन्या, ईशान, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर तुमची नवी घरगाडी दाखवलीत आणि दोघंही एकदमच विचारायला लागलात, "आजी, हिवाळाभर ही अंगणात उभी राहणार. पाण्यानं खराब होऊ नये म्हणून तुम्ही काय करायचात?" लिहून कळवते, एवढंच मी म्हटलं. याचं उत्तर मला ज्यांनी शिकवलं त्या तुमच्या थोरल्या आजी, माझ्या जाऊबाई सोजरअक्का, भाद्रपदात वैजापूरला वारल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी खिडकीतून अंगणातल्या आपल्या जुन्या घरगाडीकडेच बघत होते... पण आज दसरा आहे. मी आत्ताच आपल्या गाडीचं दार उघडून आले आहे आणि कधी एकदा सांगते असं झालंय! तरीही क्रमानंच सांगते.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर छावणीत लष्करी सामानाचे लिलाव होत. तिथून तुमच्या पणजोबांनी दोनचाकी ट्रेलरचा सांगाडा आणला, आणि पुढं कित्येक वर्षं त्यावरून वैजापूरच्या बाजारात कांदा गेला. तुमचे आजोबा वाळूजला कारखान्यात लागल्यावर त्यांनी तो शहरात आणून त्यावर प्लायवूडची खोली आणि पत्र्याचं छत चढवलं. दोन बाकं, एक स्टोव्ह, एक पिंप. जीपमागे जोडलं की आमचं घर निघालं! म्हैसमाळ झालं, पैठण झालं. येत्या दिवाळीत समुद्र, असं ठरलं. अक्कांनी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून त्याही येणार होत्या. तुमचा बाबा तेव्हा आठ वर्षांचा होता. तो रोज दिवस मोजत असे.

तुमच्याकडे अशी गाडी हिवाळ्यात उभी राहते, आपल्याकडे पावसाळ्यात. मी इंग्रजीची शिक्षिका. परदेशी मासिकातला एक लेख मिळवला, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या आणि लिहिल्याबरहुकूम कामाला लागले. एकूण एक फट चिकटपट्टीनं बंद केली. वरून प्लास्टिक, त्यावर ताडपत्री, त्यावर दोरखंड. बोटसुद्धा आत गेलं नसतं. वहीत सगळ्या बाबींपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि चार महिने निश्चिंत झोपले.

दसऱ्याला दार उघडलं आणि वासानं आम्ही मागेच सरलो. गाद्यांवर पांढरी बुरशी, प्लायवूडवर काळे डाग, पायाखालची जमीन मऊ. "पुढच्या पावसाळ्यातही हेच झालं तर भंगारात घालू," तुमचे आजोबा म्हणाले. दिवाळीचा समुद्र गेला. अक्का गाठोडं बांधून वैजापूरहून आल्या होत्या. त्यांनी दारातूनच वास घेतला.

"मास्तरीणबाई, आमची सडक्या कांद्याची चाळ अशीच वास मारती."

"अक्का, थेंबभर पाणी आत येऊ दिलं नव्हतं हो मी!"

"येऊ दिलं नाय, पन जाऊ तरी कुठं दिलंस? तुला चार महिने तोंड बांधून निजवलं तर तू काय करशील?"

मला राग आला, मग रडूही आलं. अक्का गाठोडं उचलून परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "ज्येष्ठात येते. तवर काई झाकू नको."

आणि आल्या! नऊवारीचा काचा मारून, हातात घागर घेऊन शिडीवरून थेट छतावर. मला आत बसवलं, हातात खडू दिला. त्या एकेका सांध्यावर पाणी ओतायच्या आणि वरून ओरडायच्या, "आलं का गं?"

"नाही!"

"नीट बघ. चष्मा पुस!"

आठव्या घागरीला खिडकीच्या वरच्या कडेला एक थेंब लोंबला. "आलं, अक्का, आलं!" मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. गळती सापडल्याचा इतका आनंद मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही. तिथं खडूनं गोल केला, सांधा बाहेरून डांबरानं भरला. मग अक्कांनी गाडी कांदे साठवायच्या हवेशीर चाळीसारखी केली. एक चाक विटांवर चढवून उतार दिला. दोन्ही बाजूंच्या भिंतींत बांबूच्या पट्ट्यांची जाळी बसवली, जाळीतून पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्र्याची छोटी पडवी. ताडपत्री काठ्यांवर उचलून धरली, गाडीला टेकू दिली नाही. शेवटी पिशवीतून चार उन्हाळी कांदे काढून चार कोपऱ्यांत ठेवले. "ज्या कोपऱ्यातला कांदा सडंल नायतर कोंब काढील, तिथं वल हाय समज. कांदा खोटं बोलत नाय. तुझी वही बोलती."

त्या दसऱ्याला आम्ही सगळे दारापाशी श्वास रोखून उभे होतो. तीन कांदे खणखणीत, चौथ्याला कोंब. तिथली जाळी मोठी केली आणि दिवाळीत निघालो! समुद्रात गुडघाभर उभ्या राहून अक्कांनी ओंजळभर पाणी उचलून बघितलं. मग म्हणाल्या, "बाई गं, एवढं पानी अन् झाकायला काईच नाय!"

आजोबा गेले, जीप विकली, गाडी अंगणातच राहिली. पण अक्का दर ज्येष्ठात एसटीनं कांदे घेऊन येतच राहिल्या. यंदा नातवाचा हात धरून आल्या. मी म्हटलं, "आता हिच्यातून कोण जाणार आहे, अक्का?"

"गाडी हाय ना? मग तिला वारा लागतो."

तेव्हा मुलांनो, नळ्यांतलं पाणी काढून टाका, तुमच्याकडे ते गोठतं. छताच्या सांध्यांवर पाणी ओतून बघा, एकानं खडू घेऊन आत बसा. उतार द्या. झाकण टेकू देऊ नका, हवेला वाट ठेवा. आणि कांदे ठेवा, हसू नका.

आज दार उघडताना मी एकटीच होते. पहिला कोपरा बघायला धीर होईना. अक्का गेल्यापासून गाडीकडे माझं लक्षच नव्हतं. मग वाकून एकेक उचलला, दाबला, कानाशी हलवून पाहिला. वरची टरफलं कागदासारखी वाजत होती. चौथा मी अजून हातातच धरून बसले आहे.

गाडी आतून कोरडी आहे. खिडकीवरचा खडूचा गोल दिसतो. अक्कांनी ठेवलेले चारही कांदे चांगले आहेत.