हात पोचेल तेवढी शमी

बाभळीच्या बाबतीत माझे थोरले दीर प्रत्यक्ष देवाशीही खोटं बोलले नसते. साठच्या दशकातल्या सुरतेत सगळे कापड चाचपून ओळखत. हे पान चाचपत. फूल गोल की लांबट, काटे जोडीने की विखुरलेले, हे कळल्याखेरीज त्यांना चहा गोड लागत नसे. दातण म्हणून दात घासायच्या काड्या विकणाऱ्या बाईला ते रोज काडीची जात विचारत, "लेवुं होय तो लो ने, काका!" म्हणत ती बिचारी टोपली उचलून पळे. कचेरीच्या आवारात मोठ्या साहेबांनी हौसेने ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. "काय सुंदर पानं आहेत!" साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे भाऊजी म्हणाले, "साहेब, ही पानं नव्हेत, पसरट झालेले देठ आहेत. खरी पानं रोप लहान असतानाच गळतात." त्यांची बढतीही त्या पानांबरोबर गळली.

सासूबाई खानदेशातून आमच्याकडे आल्या त्या मोतीबिंदू घेऊनच. डोळ्यांचं काम हातांवर आलेलं. पहिल्याच दसऱ्याला त्यांनी जाहीर केलं, "शमीचं उभं झाड पुजायला मिळत नाही तिथे मी राहायची नाही. मला गावी पोचवा." गावी घर बंद, माणूस कुणी नाही. खरी शमी भाऊजींनी सुरतेबाहेर, कामरेजच्या पुढे एका बांधावर शोधून ठेवली होती, पण सासूबाईंचे गुडघे कोपऱ्यावरच्या दुकानापुढे जात नसत. शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांना घरामागच्या बाभळीपाशी नेलं आणि एक डहाळी हातात दिली. पान चाचपून त्यांनी थेट भाऊजींनाच विचारलं, "शमीच ना रे?"

मी डोळे मिटले. आता पानापासून काट्यापर्यंत व्याख्यान होणार आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढावं लागणार! भाऊजींनी घसा खाकरला.

"शमीच," ते म्हणाले.

पुढे दर दसऱ्याला सकाळी हे गृहस्थ सासूबाईंचा हात पोचेल तेवढ्या फांद्यांवरची, बाभळीची चुगली करणारी गोल पिवळी फुलं खुडत, काटे मोडत आणि बोटं रक्ताळून घरी येत. "या शमीला फूल कसं येत नाही रे?" सासूबाई विचारत. "सुरतेची शमी आहे, आई." असलं अडाणी उत्तर मी दिलं असतं तर भाऊजींनी माझी तासभर हजेरी घेतली असती.

सासूबाई गेल्या त्या वर्षी दसऱ्याला फुलं कुणी खुडली नाहीत. झाड खालपासून वरपर्यंत पिवळं झालेलं. भाऊजी नुसते बघत उभे होते. मला ते बघवेना. त्यांनी पुन्हा व्याख्यान झोडावं म्हणून मीच विचारलं, "भाऊजी, ही कोणती हो?"

त्यांनी एक फूल तोडलं, बराच वेळ बोटांत फिरवलं.

"शमी," म्हणाले.