एकुलतं वाळूक

आधी उघडून पाहिल्याशिवाय एकही बी पोटात जाऊ न देणारा माणूस अख्ख्या नांदुऱ्यात एकच आहे, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे आहेत. त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, शिकवणं राहिलं. भाजलेल्या शेंगा समोर आल्या की ते दाण्याच्या दोन फाका करतात, टोकाशी चिकटलेला इवलासा कोंब नखावर घेतात आणि पाहुण्याच्या नाकासमोर धरतात. "हे पाहा, झाडाचं बाळ." पुढे पाहुण्याला शेंगा जात नाहीत. एका वास्तुशांतीत त्यांनी नारळाचं पाणी म्हणजे झाडानं बाळासाठी साठवलेलं अन्न, हे इतक्या मायेनं समजावलं की दोन बायकांनी पेले खाली ठेवले. बाजारात वाटाण्याची शेंग सोलून ते दाण्याची नाळ दाखवू लागले, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "सर, घ्याचं असन तं घ्या. इथं बाळंतपणं नका करू."

त्यांचा लाडका धडा मला पाठ आहे. "परागाच्या नळीतून दोन नर येतात, भाऊ. एकाचं बाळ होते, दुसऱ्याची शिदोरी. शिदोरी बांधल्याबिगर झाड लेकराले घराबाहेर काढत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो.

गेल्या वर्षी हा छंद घरातच अडचणीत आला. ताईच्या सासूबाईंनी लग्नानंतर वरवट बकालहून, माहेरून, वाळकाचं म्हणजे तिथल्या गावरान काकडीचं बी आणलं होतं. तिकडे आता ते कोणी लावत नाही. इथे दरवर्षी परसात वेल असायचे. त्या वर्षी एकच जगला आणि त्याला एकच फळ धरलं. घरातलं बी संपलेलं. हे फळ वेलावर पुरतं पिकलं, तरच माहेरचं वाळूक पुढे चालणार होतं. सासऱ्यांना मात्र शंका होती. फुलावर मधमाशी बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. आत बाळं होती, की नुसती टरफलं?

"जरासं कापून पाहू का?"

"हात तं लावून पाहा!"

"काऊन? मले समजत नाही का?"

"समजते म्हणूनच भेव वाटते. अर्ध्यात तोडलं का आतलं तसंच अर्धं राह्यते, हे जिंदगीभर पोरायले कोण सांगत होतं?"

सासरे रोज सकाळी वेलाशी जायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. शेवटी फळ पिवळं पडलं, देठ वाळला. सासूबाईंनीच ते चिरलं, गर धुऊन बिया पाण्यात सोडल्या. पोकळ होत्या त्या तरंगल्या, भरलेल्या तळाशी गेल्या. गेल्या त्या मोजक्याच, पण गेल्या.

त्यांतली एक सासूबाईंनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "घ्या, उघडा. नाहीतं घास नाही उतरणार तुमच्या गळ्याखाली."

त्यांनी चष्मा लावला. बी उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि हळूच पुन्हा वाटीत ठेवली.

"काऊन हो? तब्येत तं बरी हाय ना?"

"झोपलं असन अंदर," ते म्हणाले. "कायले उठवायचं."