मास्तरांचा ज्वालामुखी

आपल्याकडची काळी माती म्हणजे ज्वालामुखीच्या थिजलेल्या रसाचा चुरा, असं मास्तरांनी सांगितलं, त्या दिवसापासून मला भुईवर निजायची भीती वाटायची. माय चिडायची, "सरकारचा पगार खातोय अन् लेकरांना भेव दावतोय मेला!"

भेव तर अख्ख्या गावालाच होतं. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं अन् टोळ्या गावं लुटत, पेटवत हिंडत होत्या. टोळी आली की ज्वारीत दडायचं, असं ठरलेलं. माझ्या तान्ह्या भावाला डांग्या खोकला होता. "हे पोरगं समद्यांना मारंल," बाया मायच्या तोंडावर म्हणायच्या. ती त्याला छातीशी आवळून धरायची. मला त्या बायांचा असा संताप यायचा!

शाळा गावाबाहेर मारुतीच्या देवळात भरायची. एका दुपारी मास्तरांनी आम्हाला चिखल तुडवायला लावला अन् अंगणात डोंगर रचून घेतला. मध्ये फुटकं गाडगं, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर ओला पाला. शेंड्यावरून काकवी ओतली, तो ज्वालामुखीचा रस. आम्ही तो बोटांनी चाटून खाल्ला. धूर पार कळसाच्या वर गेला अन् आम्ही टाळ्या पिटल्या.

देवळापाशी धूर म्हणजे टोळी आली, ही गावाची खूण होती. मास्तर सरकारी माणूस, म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. लेकरं बोलून बसतील म्हणून आम्हालाही नाही. वेळ आली तर देवळावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला घेऊन पळायचं. तो त्याच्या घरी भाकरी खायला गेलेला. धूर दिसताच टोळीनं देऊळच पेटवलं असं समजून तोच सगळ्यांच्या पुढं पळाला!

शाळा सुटून घरी आले तर तव्यावर भाकरी करपलेली अन् माय नाही. गल्लीत चिटपाखरू नाही. शेजारची आंधळी म्हातारी तेवढी मागं राहिलेली. ती म्हणाली, "समदे ज्वारीत गेले. तू कामून हिंडायलीस? देवळापाशी धूर झालाय, टोळी आली!"

मी ज्वारीकडं धावले. डोक्यात एकच, पोराला खोकला आला तर माय काय करील?

बांधावर जाऊन मी ओरडले, "माय, मी हाय! टोळी न्हाई आली, आमीच धूर केलता!" कोणी ओ देईना. टोळीवाले गावातलं पोर पुढं घालून हाका मारायला लावतात, अशी तेव्हा आवई होती. ती मला कुठली ठाऊक! मी जितकी ओरडले तितकी ज्वारी गप्प. मग आतून खोकल्याची ढास आली अन् अर्ध्यातच तुटली.

मी तिकडं घुसले. माय उकिडवी बसलेली, तिचा तळवा भावाच्या तोंडावर दाबलेला, त्याचे डोळे फिरलेले. मी तिची बोटं ओढून काढली. त्यानं श्वास घेतला, खोकला, रडला. माझ्या जिवात जीव आला.

माय त्याच्याकडं बघतच नव्हती. माझ्या मागं, ज्वारीच्या ताटांत कोणी उभं आहे का, ते बघत होती. तिनं मला दंडाला धरून खाली खेचलं अन् पोटच्या पोरीला विचारलं, "कोणी धाडलं तुला?"